लोखंडाचे पाय, लाकडाचा माथा



प्रभू विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांची नावे आपल्या घरातील लहान मुलांसही पाठ असतात. मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि विश्वज्ञ. परंपरेने मनूकडे लोखंड आले, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबे, शिल्पीकडे पाषाण आणि विश्वज्ञाकडे सुवर्ण. ह्या स्मरणिकेच्या पानांतून रथ, देवालये व राजवाडे निर्माण करणाऱ्या पूर्वजांची गौरवगाथा आपण वेळोवेळी वाचतो, आणि ती वाचावी हे उचितच आहे. परंतु प्रस्तुत लेखकास ह्या वेळी एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. लोखंडी पायांवर लाकडी माथा बसवून, घराच्या मापाने मुद्दाम करवून घेतलेले जेवणाचे मेज, ही ती वस्तू होय. आज शहरांतील अनेक घरांत असे मेज दिसते. ते परदेशी चालीचे आहे असे म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक पाहता मनूची व मयाची विद्या जिथे एकमेकींस भेटते अशी ही वस्तू आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या दोन्ही धंद्यांची सुखदुःखे साठलेली आहेत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मेज ही आपली मूळची वस्तू नव्हे. आपले जेवण जमिनीवर, पाटावर बसून होत असे. केळीचे पान किंवा ताट, भोवती रांगोळी, श्रीमंताघरी ताटाखाली चौरंग, एवढाच सरंजाम. शब्दच पाहिले तरी ही गोष्ट ध्यानात येते. ‘खुर्ची’ हा शब्द अरबीतून आला, ‘टेबल’ इंग्रजीतून. ‘मेज’ हा शब्द फारसीतला असे काही पंडित म्हणतात, तर काही जण पोर्तुगीज भाषेतील ‘मेझा’ ह्या शब्दाकडे बोट दाखवितात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यावर तेथील ख्रिस्ती घरांत उंच मेजावर जेवण्याची रीत रुजली.

वस्तू परकी असली तरी लोखंड व लाकूड एकत्र नांदविण्याची विद्या मात्र आपल्या घरची आहे, आणि फार जुनी आहे. माजघरात जाऊन पाहावे. विळीचा पाट सुताराचा, पाते लोहाराचे. मुसळ सुताराचे, त्याच्या टोकाची वसवी लोहाराची. शेतात लाकडी नांगर सुताराचा, त्याचा फाळ लोहाराचा. कुऱ्हाडीचे पाते लोहाराने घडवावे आणि तिला दांडा सुताराने घालावा. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ ह्या ग्रंथात बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत सुतार व लोहार ह्यांचे स्थान मानाचे आहे. शेतकऱ्याचे ह्या दोघांवाचून एक दिवसही चालत नसे, आणि एकाचे काम दुसऱ्यावाचून पुरे होत नसे.

ह्या सहकार्याचा कळस म्हणजे बैलगाडीचे चाक. सुताराने तुंबा कातावा, त्यात आरे बसवावेत, परिघाचे वाकडे तुकडे जोडून चाक गोल करावे. मग लोहाराने त्यावर लोखंडी धाव चढवावी. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवीत. ती गोवऱ्यांच्या व लाकडांच्या आगीत लालबुंद तापविली की वाढे, त्या क्षणी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होताच ती आवळे आणि सगळे सांधे घट्ट होत. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे चौदा फूट भरतो. सहाशे अंश तापमान वाढले म्हणजे तेवढ्या लांबीचे लोखंड सुमारे सव्वा इंच वाढते. आपल्या पूर्वजांनी हे गणित कागदावर मांडले नव्हते, पण त्यांच्या हातांस ते ठाऊक होते. लाकडाचा स्वभावही त्यांस ठाऊक होता. लाकूड उन्हात आकसते आणि धाव ढिली पडते, म्हणून गाडीवान उन्हाळ्यात गाडी नदीच्या पाण्यात उभी करीत. चाक पाणी पिऊन फुगे व पुन्हा घट्ट होई. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता लोखंडी पायांकडे वळू. अब्राहम डार्बी ह्याने १७०९ साली इंग्लंडात कोलब्रुकडेल येथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्यात यश मिळविले. त्यानंतर ओतीव लोखंड, म्हणजे ज्यास आपण बीड म्हणतो ते, क्रमाने स्वस्त व विपुल झाले. एकोणिसाव्या शतकात बिडाचे नक्षीदार खांब, कठडे, बाके आणि मेजांचे पाय ओतून निघू लागले. ह्या सर्वांत आपल्या देशातील सामान्य घरांत पोहोचलेली वस्तू म्हणजे शिवणयंत्राची घडवंची. आयझॅक सिंगर ह्यास त्याच्या यंत्राचे पेटंट १८५१ साली मिळाले. त्याचे पहिले यंत्र ज्या खोक्यातून पाठविले जाई, तेच खोके त्याची बैठक म्हणून वापरीत. पुढे त्या खोक्याची जागा बिडाच्या जाळीदार पायांनी व लाकडी फळीने घेतली. आजही कित्येक घरांत जुने यंत्र निकामी झाल्यावर ते पाय ठेवून, वर नवी फळी बसवून त्याचे छोटे मेज करतात. शाळांतील जुनी बाकेही ह्याच जातीची होती. पाय बिडाचे, फळी सागाची. अशा बाकांवर बसून प्रस्तुत लेखक शिकला, आणि पुढे अशाच बाकांसमोर उभे राहून त्याने आयुष्य काढले.

परंतु इथेच एक अन्याय घडला, तो आपल्या ध्यानात येत नाही. बिडाचे पाय ऐरणीवर घडत नाहीत, ते ओतशाळेत ओतले जातात. म्हणजे लोखंडी पायांचे मेज आपल्याकडे आले तेव्हा त्यातून लोहार वगळला गेला होता. त्या जाळीदार पायांवर कारखान्याचे नाव ठळक अक्षरांत ओतलेले असे, पण वरची फळी ज्या सुताराने रंधून बसविली त्याचे नाव कुठेच नसे.

ह्याच शतकात दुसरीकडे आपल्या लोकांस नवी दारेही उघडली. मुंबई ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढे रेल्वेच्या कारखान्यांत भाता व घण सांभाळणारे आणि करवत व रंधा चालविणारे असे दोन्ही हात लागू लागले. मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली आणि १८९१ साली तिला लॉर्ड रे ह्यांच्या नावाची कलाकर्मशाळा जोडली गेली. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ सालची. जी विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात जात होती, ती प्रथमच फळ्यावर आकृती काढून शिकविली जाऊ लागली. ह्या तंत्रसंस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर हे काही काळ शिक्षक होते. त्यांनी पुढे १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासेल ह्या भीतीने आरंभी शेतकरी तो नांगर घेत नसत. पण एकदा खात्री पटल्यावर लाकडी नांगर मागे पडला, आणि त्याबरोबर सुताराचे एक मोठे बलुते गेले. पुढे १९२३ साली गोदरेज कंपनीने पोलादी कपाटे करावयास आरंभ केला, आणि कचेऱ्यांतून लाकडी कपाट हटू लागले. गाडीची चाके रबरी झाली तेव्हा धाव चढविण्याचा धंदा बुडाला आणि लोहारही त्याच रांगेत येऊन उभा राहिला. दोघांस एकत्र आणणारी वस्तूच गावातून नाहीशी झाली.

मेजाच्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेज कोणी केले ह्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मेजावर कोण कोणाशेजारी बसले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यास पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली आणि मोठे ग्रामण्य माजले. महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक ह्यांसारख्यांसही त्यापायी प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. प्रश्न चहाचा नव्हता, चहा कोणाच्या हातचा आणि शेजारी कोण, हा होता. पुढे मुंबईत इराण्यांच्या उपाहारगृहांतील संगमरवरी मेजांवर अनोळखी माणसे जात न विचारता शेजारी बसू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या प्रेरणेने १९२७ साली स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवून आणली.

ही हकीकत वाचून आपण दुसऱ्यांस हसू नये. ज्यांनी मामलेदाराच्या व साहेबाच्या घरची मेजे केली त्या आपल्या आजोबांस त्या मेजावर कोणी बसविले नाही, हे खरे. परंतु आपल्याही पंगतीत कोणास दूर बसविले जात होते, हेही तितकेच खरे. आमच्या गावी सुतार व लोहार एका पंगतीस बसत, पण सोयरीक करीत नसत. आणि प्रत्येक घरात एक व्यक्ती अशी होती की जी कोणत्याच पंगतीस बसत नसे. ती सर्वांस वाढी आणि उरलेले मागाहून चुलीपाशी खाई.

इथे स्वतःच्या घरची हकीकत सांगण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. माझे वडील सुतार. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची मेजे केली आणि जेवले मात्र जमिनीवर. उकिडवे बसून वाकस व पटाशी चालविता चालविता त्यांचे गुडघे निकामी झाले, आणि १९७६ साली, ज्या वर्षी मी मॅट्रिक झालो त्या वर्षी, त्यांस पाटावर बसणे अशक्य झाले. शेजारचे लोहारकाका वडिलांपेक्षा वयाने लहान. त्यांनी नुकतेच वेल्डिंगचे यंत्र घेतले होते. ते म्हणाले, “दादा, पाय मी करतो, फळी तुम्ही करा.” श्रावणात मेज तयार झाले. अँगलची चौकट, वर सागाच्या जोडलेल्या फळ्या, आणि सहा बोल्टांनी माथा चौकटीस गच्च आवळलेला. घरात माणसे सहा. आजी, आई, वडील आणि आम्ही तिघे भावंडे.

दुसऱ्या दिवशी लोहारकाका पाहावयास आले तेव्हा आम्ही पाच जण मेजाशी होतो आणि आई वाढत होती. ते म्हणाले, “वहिनी, मी सहा माणसांच्या हिशेबाने चौकट केली आहे. सहावी जागा कोणाची?” आई हसली, पण बसली नाही. बरेच दिवस ती जागा रिकामी राहिली. अखेर दिवाळीच्या पहाटे फराळाच्या वेळी आजीनेच तिचा हात धरून तिला बसविले. त्या दिवसापासून आमच्या घरी ती जागा रिकामी राहिली नाही.

पुढे चैत्रात एका दुपारी मोठा आवाज झाला आणि मेजाचा माथा लांबीच्या बाजूने उभा तडकला. वडील म्हणाले, लोखंड तापून ओढले गेले. लोहारकाका म्हणाले, लाकूड ओले होते. दोघांत शब्दास शब्द लागला आणि महिनाभर ते एकमेकांशी बोलले नाहीत. वाद मिटविला आजीने. ती म्हणाली, “उन्हाळ्यात गाडी डोहात का उभी करता रे? चाकाला तहान लागते म्हणून ना? मग ह्या फळीला नाही का लागणार?” दोघेही खाली पाहू लागले. ज्यांच्या बापांनी शेकडो चाकांवर धाव चढविली होती, ते स्वतःचे मेज करताना चाक विसरले होते.

पुढे शिक्षक झाल्यावर मी ह्याचा हिशेब मांडून पाहिला. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड रुंदीच्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. सागासारखे भरवशाचे लाकूडही ९० सेंटिमीटर रुंदीच्या माथ्यात पावसाळा ते उन्हाळा अर्धा ते एक सेंटिमीटर हलू शकते. तेवढ्याच रुंदीचे लोखंड तापमान वीस अंशांनी वाढले तर जेमतेम एक पंचमांश मिलिमीटर वाढते. म्हणजे लोखंड जवळजवळ स्थिर आणि लाकूड हलते. दोघांस गच्च आवळून टाकले की श्रावणात फुगलेले लाकूड चैत्रात आकसावयास जागा मागते, ती मिळत नाही आणि ते फाटते. दोष लोखंडाचा नव्हता आणि लाकडाचाही नव्हता. दोष सांध्याचा होता.

उपाय साधा निघाला. लोहारकाकांनी चौकटीतील भोके कानशीने घासून रुंदीच्या दिशेने लांबट केली. वडिलांनी तडीत सागाची बारीक पट्टी सरसाने बसविली. बोल्ट पुन्हा घातले ते वायसर घालून, हलण्यास वाव ठेवून. त्या गोष्टीस आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. ती दोन्ही माणसे आज नाहीत. मेज आहे, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंस केसाएवढीही नवी तड नाही.

तरुण बंधूंनो, आज काळ पुन्हा फिरला आहे. विजेच्या वेल्डिंगमुळे मेजाचे पाय ओतशाळेतून परत लोहाराच्या हाती आले आहेत. मापाबरहुकूम वस्तू करवून घेणारे गिऱ्हाईक पुन्हा कारागिराकडे वळले आहे. जुन्या वाड्यांच्या तुळयांचा पक्व साग अशा माथ्यांसाठी आवडीने घेतला जातो. काम अवघड नाही, पण नेमके आहे. मेजाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, दर माणशी ६० सेंटिमीटर जागा, आणि सहा जणांसाठी साधारण १८० गुणिले ९० सेंटिमीटरचा माथा. तीन सेंटिमीटर जाडीचा असा सागाचा माथा एकटाच तीस किलोच्या वर भरतो, म्हणून चौकट डगमगणारी नसावी. पाय असे ठेवावेत की बसणाऱ्याचे गुडघे अडणार नाहीत. लाकूड पुरते वाळलेले घ्यावे, आणि लोखंडातील भोके लांबट ठेवावीत. ही शेवटची गोष्ट चुकणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांचा समावेश आहे. त्यांत सुतार व लोहार असे दोन स्वतंत्र धंदे नोंदलेले आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. सरकारी यादीत आपण दोन ओळींत असलो तरी कामाच्या जागी एका छपराखाली यावे, अशी माझी ज्ञातिबांधवांस विनंती आहे. सुताराच्या मुलाने एकट्याने फर्निचरचे दुकान काढावे, लोहाराच्या मुलाने एकट्याने फॅब्रिकेशनचे, आणि दोघांनीही मोठ्या व्यापाऱ्यासाठी अर्ध्या दामाने राबावे, हे शहाणपणाचे नव्हे. आणि जे मेज कराल त्याच्या माथ्याच्या खालच्या अंगास दोघांची नावे व साल अवश्य कोरा. आपल्या आजोबांनी ते केले नाही, म्हणून त्यांची कामे आज निनावी आहेत.

आपल्या संस्थेच्या सभांतून एकीचा विषय नेहमी निघतो. एकी म्हणजे सर्वांस एका मापात गच्च आवळणे असे काहींस वाटते. त्यांनी आमच्या मेजाची तड येऊन पाहावी. लोखंडाने लोखंडाचा धर्म सोडू नये, लाकडाने लाकडाचा सोडू नये, आणि सांध्यात एकमेकांस हलण्यापुरती जागा असावी. असा सांधा पन्नास वर्षे टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

असो. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. घरोघरच्या मेजांवर सहावी जागा रिकामी राहू नये, एवढीच प्रभू विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना.